एका सुट्टीत दोन रिसॉर्ट : मुक्काम विभागणे आणि सामान हलवणे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या अमळनेरच्या घरी सगळ्या लेकी माहेरी येतात, आणि त्या सासरी परतण्यापूर्वी सर्वांनी मिळून पाच-सहा दिवस बाहेर जाऊन यायचे असा परिपाठ गेल्या काही वर्षांत पडला आहे. या सहलींचे नियोजन माझ्याकडे असते. सुरुवातीला आम्ही एकाच ठिकाणी राहत होतो. पुढे सुट्टी दोन ठिकाणी विभागू लागलो, तोरणमाळ आणि सापुतारा ही जोडी तर दोनदा केली. तेव्हापासून नातेवाईक आणि शेजारी जे प्रश्न मला फोनवर विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत. उदाहरणे याच दोन ठिकाणांची घेतली असली, तरी सामानाविषयीचे बहुतेक नियम इतरत्रही लागू पडतील.

सुट्टी दोन रिसॉर्टमध्ये विभागणे खरोखर फायद्याचे असते का?

दोन्ही ठिकाणे एकमेकांपासून खऱ्या अर्थाने वेगळी असतील तरच फायद्याचे असते. एका तलावाकाठच्या हॉटेलातून उठून दुसऱ्या तलावाकाठच्या तशाच हॉटेलात जाण्यासाठी अकरा माणसांचे सामान बांधणे आणि सोडणे हा निव्वळ व्याप आहे. तोरणमाळ आणि सापुतारा यांची जोडी जमते, कारण दोन्ही थंड हवेची ठिकाणे असूनही त्यांचा स्वभाव निराळा आहे. नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्यात, सातपुड्यात सुमारे १,१५० मीटर उंचीवर असलेल्या तोरणमाळला यशवंत तलाव, सीताखाई आणि गोरखनाथांचे मंदिर आहे, पण बाजारपेठ म्हणावी अशी नाही. संध्याकाळ झाली की अंगणात खुर्च्या टाकून बसणे हाच तेथील कार्यक्रम असतो. गुजरातच्या डांग जिल्ह्यातील सापुताऱ्याला मात्र नौकाविहार आहे, रोपवे आहे, खाण्याची दुकाने आहेत आणि मुलांना रात्री नऊपर्यंत हिंडता येते. घरातील वडीलधाऱ्यांना पहिले आवडते, मुलांना दुसरे. सुट्टी विभागली की दोघांनाही आपापल्या वाट्याचे दिवस मिळतात, आणि माझ्या मते सुट्टी विभागण्याचे तेच सर्वांत चांगले कारण आहे.

प्रत्येक ठिकाणी किमान किती रात्री असाव्यात?

दोन. एकूण चार रात्रींपेक्षा कमी सुट्टी असेल, तर ती विभागू नये.

तोरणमाळ आधी करावे की सापुतारा?

मी तोरणमाळ आधी करण्याचा सल्ला देते, आणि त्याची दोन कारणे आहेत. पहिले असे की सुविधा कमी असलेल्या ठिकाणाहून सुविधा जास्त असलेल्या ठिकाणी जाणे सर्वांना सोपे जाते. उलट क्रमाने गेल्यास दुसऱ्या मुक्कामी पोहोचताच तुलना सुरू होते आणि साधी, नीटनेटकी खोलीसुद्धा गैरसोयीची वाटू लागते. दुसरे कारण रस्त्याचे आहे. जळगाव, चोपडा, अमळनेर या बाजूच्या लोकांना शिरपूर-शहादा मार्गे तोरणमाळला जाता येते, तेथून नंदुरबार-नवापूर मार्गे डांगात उतरता येते, आणि परतताना सापुताऱ्याहून हातगड, कळवण, सटाणा, मालेगाव करत धुळ्याकडे येता येते. असा वळसा पूर्ण होतो आणि एकाच रस्त्याने दोनदा जावे लागत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत जायचे असेल तर हा क्रम तारखा पाहून ठरवावा. लाभपंचमीपर्यंत गुजरातमध्ये व्यापारी कुटुंबे मोठ्या संख्येने सहलीला निघतात, त्यामुळे त्या आठवड्यात सापुताऱ्याला खोल्या मिळणे कठीण होते आणि मिळाल्याच तर दर चढलेले असतात. अशा वेळी आधी सापुताऱ्याचे आरक्षण पक्के करावे आणि त्या तारखांभोवती तोरणमाळचा मुक्काम बसवावा.

एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामी जायला किती वेळ धरावा?

संपूर्ण दिवस धरावा. नकाशावर कितीही तास दिसोत, तोरणमाळचा घाट उतरून शहादा, पुढे प्रकाशा, नंदुरबार, नवापूर आणि तेथून डांगच्या जंगलातून आहव्यामार्गे सापुतारा हा प्रवास लहान मुले, जेवण आणि थांबे धरून सकाळी नाश्त्यानंतर निघून संध्याकाळच्या चहापर्यंत चालतो. त्या दिवशी कोणतेही स्थळदर्शन ठरवू नये. वाटेत सहज घडेल तेवढेच करावे. प्रकाशाला तापी आणि गोमाईच्या संगमावर केदारेश्वराचे दर्शन होते. मुले बरोबर असतील तर नवापूरचे रेल्वे स्थानक अवश्य दाखवावे. महाराष्ट्र आणि गुजरात यांची सीमा या स्थानकातूनच जाते, आणि फलाटावर एक बाक असा आहे की त्याचा अर्धा भाग एका राज्यात आणि अर्धा दुसऱ्या राज्यात येतो. आमच्या घरातील चारही मुले त्या बाकावर ओळीने बसली आणि कोण कोणत्या राज्यात बसले आहे यावरून त्यांचा पुढचा तासभर आनंदात गेला.

पहिली खोली सकाळी सोडावी लागते आणि दुसरी दुपारी मिळते. मधल्या वेळेत सामानाचे काय करायचे?

हा प्रश्न मला सर्वाधिक वेळा विचारला जातो. साधारणपणे सकाळी दहा-अकराच्या सुमारास खोली रिकामी करावी लागते आणि नवीन खोली दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान मिळते. काही ठिकाणी मात्र आल्या वेळेपासून चोवीस तास मोजण्याची पद्धत आहे. आरक्षण करतानाच दोन्ही ठिकाणच्या वेळा विचारून लिहून ठेवाव्यात.

दोन्ही रिसॉर्ट एकाच गावात किंवा तासाभराच्या अंतरावर असतील, तर तीन मार्ग असतात. पहिल्या रिसॉर्टच्या स्वागत कक्षात सामान ठेवून हिंडून यावे आणि दुपारनंतर ते उचलावे. किंवा सकाळीच दुसऱ्या रिसॉर्टला जाऊन तेथे सामान सोपवावे आणि खोली तयार होईपर्यंत मोकळे व्हावे. किंवा सामान गाडीतच ठेवावे. यांपैकी दुसरा मार्ग मला सर्वांत बरा वाटतो, कारण सामान एकदा पुढे गेले की परत मागे यावे लागत नाही. शिवाय आपण येऊन गेलो हे तेथील माणसांना कळलेले असते, त्यामुळे आपली खोली आधी तयार होण्याचा संभवही वाढतो. दोन्ही रिसॉर्ट एकाच मालकाचे किंवा एकाच संस्थेचे असतील, तर ते स्वतःच्या गाडीने सामान पोहोचवतात का, हे विचारण्यात संकोच करू नये. काही ठिकाणी ही सोय असते, पण विचारल्याशिवाय ती सांगितली जात नाही.

तोरणमाळ ते सापुतारा असा लांबचा प्रवास असेल, तर हा प्रश्न आपोआप सुटतो, कारण मधला वेळ रस्त्यातच जातो. मग मुद्दा एवढाच उरतो की भरलेली गाडी वाटेत सोडून सर्वांनी एकाच वेळी उतरायचे नाही. आमच्याकडे प्रत्येक थांब्यावर चालकाखेरीज घरातील एक जण गाडीजवळ थांबतो आणि ही पाळी निघण्यापूर्वीच ठरलेली असते.

सामान माणसागणिक भरावे की मुक्कामागणिक?

मुक्कामागणिक भरावे, आणि याबाबतीत माझे मत अगदी ठाम आहे.

आपली सवय अशी असते की प्रत्येकाची एक बॅग, आणि त्या बॅगेत त्याचे सहा दिवसांचे सर्व कपडे. अशी बॅग पहिल्या मुक्कामी उघडली की तळापर्यंत उपसली जाते, कारण हवा तो कपडा नेमका तळाशी असतो; आणि तिसऱ्या दिवशी सकाळी घाटाचा रस्ता समोर असताना सर्वांच्या सर्व बॅगा पुन्हा नव्याने भराव्या लागतात. पहिल्या वर्षी आमचे असेच झाले. सकाळी सातला सुरू झालेली आवराआवर साडेदहाला संपली, आणि तोवर नाश्त्याची वेळही निघून गेली होती.

आता आम्ही प्रत्येक जोडप्यामागे दोन मध्यम बॅगा करतो. पहिल्या बॅगेत फक्त पहिल्या मुक्कामाचे कपडे असतात, दुसऱ्या बॅगेत फक्त दुसऱ्या मुक्कामाचे. दुसरी बॅग तोरणमाळला उघडलीच जात नाही. ती कुलूप लावलेल्या अवस्थेत खोलीच्या कोपऱ्यात उभी राहते. निघताना पहिल्या बॅगेत वापरलेले कपडे जातात, तिला गाठ मारली की ती थेट घरी पोहोचेपर्यंत बंद. यामुळे मधल्या सकाळची आवराआवर अर्ध्या तासात होते. बॅगांची संख्या वाढते हे खरे, पण वजन तेवढेच राहते, आणि डिकीत एका अवजड बॅगेपेक्षा दोन मध्यम बॅगा नेहमीच चांगल्या बसतात.

मे महिन्यात या पद्धतीचा आणखी एक उपयोग होतो. जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांच्या घरात असताना स्वेटर आणि शाल बरोबर घ्यायचे कुणाच्या मनातही येत नाही. मुक्कामागणिक बॅग भरायला बसले की ठिकाणाचा विचार आपोआप होतो आणि तोरणमाळच्या बॅगेत पहिली घडी शालीची पडते.

बॅगा ओळखायच्या कशा?

एका सहलीत आमची एक काळी बॅग हॉटेलच्या माणसांकडून चुकून दुसऱ्या कुटुंबाच्या जीपमध्ये चढवली गेली. तशाच आकाराची आणि तशाच रंगाची बॅग त्या कुटुंबाकडेही होती. बॅग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत मिळाली, पण तोवर माझ्या नणंदेच्या लहान मुलाने चुलतभावाचे कपडे घालून दिवस काढला. त्यानंतर सासूबाईंनी त्यांच्या जुन्या लुगड्याचा हिरवा काठ फाडून त्याच्या वीतभर पट्ट्या केल्या आणि प्रत्येक बॅगेच्या मुठीला एक पट्टी पक्क्या गाठीने बांधली. तो काठ इतका वेगळा आहे की दहा पावलांवरूनही आपली बॅग ओळखू येते. याखेरीज प्रत्येक बॅगेच्या आत एका कागदावर नाव आणि फोन क्रमांक लिहून ठेवावा. निघण्यापूर्वी सर्व बॅगा ओळीने उभ्या करून त्यांचा फोनवर एक फोटो काढावा आणि बॅगांची एकूण संख्या सर्वांना तोंडपाठ असावी. आमच्या गाडीत प्रत्येक चढ-उताराला मुलेच मोठ्याने मोजतात.

दुसरी खोली मिळेपर्यंत लागणाऱ्या वस्तू कुठे ठेवाव्यात?

त्यांच्यासाठी एक स्वतंत्र पिशवी करावी. आम्ही तिला 'मधली पिशवी' म्हणतो आणि ती डिकीत कधीही जात नाही. तिच्यात सर्वांची औषधे, ओळखपत्रे, दोन्ही आरक्षणांच्या छापील प्रती, चार्जर, पॉवर बँक, लहान मुलांचा एकेक जोड कपडा, दोन पातळ टॉवेल, ओडोमॉस, वर्तमानपत्राचे कागद, रिकाम्या प्लॅस्टिक पिशव्या, घाटात उलटी होणाऱ्यांसाठी गोळ्या आणि आवळा सुपारी असते. या पिशवीची जबाबदारी एकाच माणसावर सोपवावी. सर्वांची जबाबदारी म्हटली की ती कुणाचीच राहत नाही. आमच्याकडे ती मोठ्या जाऊबाईंकडे असते, आणि सासूबाई गाडीत बसल्यावर आधी 'मन्ही पिशवी कोठे शे?' असे विचारतात, तेव्हा त्यांना हीच पिशवी अभिप्रेत असते, कारण त्यांच्या गोळ्या तिच्यात असतात.

डिकीत सामान कोणत्या क्रमाने लावावे?

जे शेवटी लागणार ते आधी आत जावे. वापरलेल्या कपड्यांच्या बंद बॅगा सर्वांत आत व तळाशी, दुसऱ्या मुक्कामाच्या बॅगा त्यांच्यापुढे आणि खाण्याचे डबे व पाण्याचा कॅन अगदी दाराशी असावा. टपावर सामान बांधायचे असल्यास जड बॅगा टपाच्या मध्यभागी ठेवाव्यात, ताडपत्री खालून वर अशी गुंडाळावी आणि घाट सुरू होण्यापूर्वी एकदा गाडी थांबवून दोर पुन्हा ताणून पाहावा. वळणांवर सैल दोर आणखी सैल होतो. भाड्याची गाडी पिवळ्या पाटीची, प्रवासी वाहतुकीचा परवाना असलेली आणि दुसऱ्या राज्यात जाण्याची मुभा असलेलीच घ्यावी. ओळखीतल्या कुणाची पांढऱ्या पाटीची गाडी पैसे देऊन नेणे बेकायदेशीर आहे आणि अपघात झाल्यास विम्याचा प्रश्न उभा राहतो. तोरणमाळला चढण्यापूर्वी शहाद्यातच इंधन भरून घ्यावे आणि थोडी रोख रक्कमही काढून ठेवावी.

औषधे आणि इन्सुलिन यांची काय काळजी घ्यावी?

खानदेशातील उन्हाळ्यात उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीची डिकी भट्टीसारखी तापते. इन्सुलिन, डोळ्यांचे थेंब आणि जी औषधे थंड जागी ठेवावीत असे वेष्टनावर लिहिलेले असते, ती सर्व माणसांबरोबर, सावलीत, बर्फाशी थेट संबंध येणार नाही अशा रीतीने थर्मासमध्ये किंवा थंड राहणाऱ्या पाकिटात ठेवावीत. इन्सुलिन गोठले तरी निकामी होते, हे अनेकांना ठाऊक नसते आणि घाईघाईत ते खोलीतल्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवले जाते. दुसऱ्या रिसॉर्टमध्ये खोलीत फ्रिज आहे का, नसल्यास स्वयंपाकघरातील फ्रिजमध्ये औषध ठेवू देतील का, हे आदल्या दिवशी फोन करून विचारावे. रोजच्या गोळ्या दोन भागांत विभागून दोन वेगळ्या माणसांकडे द्याव्यात. एक पिशवी राहून गेली तरी दुसरी असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो फोनमध्ये असावा.

खाण्याचे पदार्थ बरोबर न्यावेत का?

अवश्य न्यावेत, पण फक्त टिकणारे. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, शेव, लाडू आणि कोरडा चिवडा हे दोन दिवस आरामात टिकतात. वांग्याचे भरीत आमच्याकडे सर्वांच्या आवडीचे आहे, तरीही ते मे महिन्यात प्रवासात नेऊ नये. दुपारपर्यंत ते आंबते. लोणच्याची काचेची बरणी डिकीत ठेवण्याची चूक मी एकदा केली आहे. घाटात बरणीचे झाकण सैल झाले, तेल झिरपले आणि सासूबाईंच्या पांढऱ्या नऊवारीच्या घडीवर हाताच्या पंजाएवढा पिवळा डाग उतरला, जो पुढे कितीही धुतला तरी गेला नाही. आता लोणचे लहान स्टीलच्या डब्यात, डबा प्लॅस्टिक पिशवीत आणि पिशवी पायांजवळ उभी, असेच जाते. बाहेरचे खाद्यपदार्थ खोलीत चालतात की नाही, हे दोन्ही रिसॉर्टला विचारून घ्यावे.

राज्याची सीमा ओलांडताना सामानात काय असू नये?

दारू. १९६० साली गुजरात राज्य स्थापन झाल्यापासून तेथे दारूबंदी आहे, आणि महाराष्ट्रात रीतसर विकत घेतलेली बाटलीसुद्धा बॅगेत घेऊन सीमा ओलांडणे हा गुन्हा ठरतो. बाहेरच्या राज्यातून आलेल्या पर्यटकांना परवाना मिळण्याची तरतूद आहे, पण कुटुंबाच्या सहलीत त्या वाटेला जाऊच नये. तपासणीत बाटली सापडली तर केवळ ती नेणाऱ्यावर नव्हे, तर गाडीवरही कारवाई होऊ शकते, आणि मग सर्वांचीच सुट्टी पोलीस ठाण्याच्या ओसरीवर संपते. चालकालाही हे आदल्या दिवशी स्पष्ट शब्दांत सांगावे.

हॉटेलात ठेवलेले सामान हरवले तर जबाबदारी कुणाची?

'सामान मालकाच्या जबाबदारीवर' अशी पाटी भिंतीवर लावलेली असली की आपण गप्प बसतो. तसे बसण्याचे कारण नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार एखाद्याने आपली वस्तू दुसऱ्याकडे सांभाळायला सोपवली, तर सामान्य शहाणपणाचा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी काळजी घेणे हे सांभाळणाऱ्यावर बंधनकारक असते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये दिलेल्या एका निर्णयात हॉटेलच्या ताब्यात दिलेल्या मोटारीच्या चोरीचा प्रश्न होता; हॉटेलकडून निष्काळजीपणा झाला असेल तर 'मालकाच्या जबाबदारीवर' असे छापून ठेवल्याने ते मोकळे होत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

याचा व्यवहारातील अर्थ असा की सामान खरोखर 'सोपवलेले' असले पाहिजे. सोफ्यामागे बॅग सरकवून निघून जाणे म्हणजे सोपवणे नव्हे. स्वागत कक्षातील माणसाला बॅगा मोजून दाखवाव्यात, पावती किंवा बिल्ला मागावा, आणि तो मिळत नसेल तर एका कागदावर बॅगांची संख्या, तारीख व वेळ लिहून त्यावर त्याची सही घ्यावी. सामान बंद खोलीत ठेवले जाते की उघड्या व्हरांड्यात, हे स्वतः पाहून यावे. मागच्या अनुभवानंतर मी एवढा आग्रह धरते आणि बहुतेक ठिकाणी कुणी त्याचा राग मानत नाही. तक्रार करावीच लागली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

दागिने, रोख रक्कम आणि मूळ कागदपत्रे मात्र कुणाकडेही सोपवू नयेत. मंगळसूत्राखेरीज सोने घरीच ठेवावे.

आरक्षण आणि ओळखपत्रांबाबत काय लक्षात ठेवावे?

दोन्ही आरक्षणे एकाच व्यक्तीच्या नावावर आणि एकाच फोन क्रमांकावर असावीत. प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे पत्ता असलेले ओळखपत्र लागते. पॅन कार्डावर पत्ता नसल्यामुळे ते बहुतेक ठिकाणी चालत नाही. आधारची झेरॉक्स देण्याऐवजी फक्त शेवटचे चार अंक दिसणारे आधार डाउनलोड करून त्याच्या प्रती न्याव्यात. हे काम दोनदा करायचे असल्यामुळे प्रतींचे दोन संच घरूनच तयार करावेत. तोरणमाळला फोनचे नेटवर्क मिळेलच असे गृहीत धरू नये, म्हणून सापुताऱ्याचे आरक्षण-पत्र छापील स्वरूपात बरोबर असावे.

आरक्षण रद्द करण्याच्या अटी दोन्ही ठिकाणी वेगळ्या असतात. पहिल्या ठिकाणी एक रात्र जास्त राहावेसे वाटले तर दुसऱ्या ठिकाणची एक रात्र वाया जाते, आणि ती रक्कम बहुधा परत मिळत नाही.

दोन ठिकाणी राहिल्याने कर जास्त लागतो का?

नाही. कर एका खोलीच्या एका दिवसाच्या भाड्यावर ठरतो, ठिकाणांच्या संख्येवर नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोलीवर ५ टक्के आणि त्याहून अधिक भाड्याच्या खोलीवर १८ टक्के जीएसटी आहे. त्यापूर्वीच्या दराने १२ टक्के लावलेले जुने दरपत्रक कुणी दाखवले, तर नवे बिल मागावे.

स्वतःची गाडी नसेल तर एसटीने किंवा रेल्वेने असा प्रवास जमतो का?

जमतो, पण सामान निम्मे करावे लागते. नंदुरबार आणि नवापूर ही दोन्ही स्थानके सुरत-भुसावळ मार्गावर आहेत, त्यामुळे जळगाव किंवा अमळनेरहून रेल्वेने नंदुरबारपर्यंत येऊन पुढे एसटी किंवा स्थानिक जीप घेता येते. रेल्वेत विनाशुल्क सामानाची मर्यादा शयनयान आणि वातानुकूलित तृतीय वर्गात माणशी ४० किलो, तर द्वितीय वर्गात ३५ किलो आहे. ती आपण सहसा ओलांडत नाही. खरी अडचण वजनाची नसून चढ-उताराची आहे. क्लोकरूमची सोय असलेल्या स्थानकावर सामान ठेवायचे असल्यास बॅगेला कुलूप आणि बरोबर तिकीट असावे लागते. एसटीत महिलांना अर्धे तिकीट आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास ही सवलत राज्याच्या हद्दीपुरती आहे. गुजरातच्या भागात पूर्ण भाडे द्यावे लागते, हे हिशेबात धरावे.

खोली सोडताना वस्तू राहून जाऊ नयेत म्हणून काय करावे?

सामान बाहेर गेल्यानंतर रिकाम्या खोलीतून एका माणसाने पुन्हा एकदा फिरावे. दाराच्या उजव्या हाताने सुरुवात करून भिंतीच्या कडेने दारापर्यंत परत यावे, म्हणजे कोपरा सुटत नाही. चार्जरची जागा, न्हाणीघराच्या दाराची खुंटी, उशीखाली, पलंगाखाली, पलंगाशेजारचा खण, फ्रिज आणि गॅलरीतली दोरी एवढ्या ठिकाणी हमखास काहीतरी राहते. पलंगाशेजारच्या खणात माझ्या आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या राहिल्या होत्या. त्या लक्षात आल्या तेव्हा आम्ही नंदुरबार ओलांडले होते. चिठ्ठीचा फोटो फोनमध्ये असल्यामुळे नवापूरला त्याच गोळ्या मिळाल्या आणि प्रवास पुढे सुरू राहिला.

काही राहिलेच, तर पहिल्या रिसॉर्टला लगेच फोन करावा. खोलीची स्वच्छता होण्यापूर्वी फोन गेला तर वस्तू मिळण्याची शक्यता खूपच जास्त असते. त्यांना ती वस्तू दुसऱ्या रिसॉर्टच्या नव्हे, तर घरच्या पत्त्यावर कुरिअर करायला सांगावी, कारण पार्सल पोहोचेपर्यंत आपला दुसरा मुक्कामही संपलेला असतो.

पावसाळ्यात जायचे असल्यास सामानात काय बदल करावा?

ओल्या कपड्यांची सोय करावी. पावसाळ्यात दोन्ही ठिकाणी दिवसचे दिवस धुके असते आणि कपडे वाळत नाहीत. ओले कपडे इतर सामानात मिसळले की दुसऱ्या मुक्कामी उघडलेल्या बॅगेतून कुबट वास येतो, म्हणून त्यांच्यासाठी जाड प्लॅस्टिकची वेगळी पिशवी ठेवावी आणि पोहोचताच ती आधी रिकामी करावी. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे रात्रभर कोंबून ठेवले की ओल बरीच शोषली जाते. घाटात दरड कोसळल्याने वाट अडू शकते. निघण्यापूर्वी पहिल्या रिसॉर्टच्या माणसांकडून रस्त्याची खबर घ्यावी आणि अंधार पडण्यापूर्वी घाट उतरलेला असावा.

वयस्कर माणसांना ही दगदग झेपते का?

त्यांना बॅगांची चिंता नसेल तर झेपते. दुसऱ्या रिसॉर्टमध्ये तळमजल्यावरची खोली मागून घ्यावी. पोहोचल्यावर आधी त्यांची खोली उघडून त्यांना आडवे होऊ द्यावे आणि बाकीचे सामान नंतर वर न्यावे.

सर्व सामान पहिल्या रिसॉर्टमध्ये ठेवून दुसरीकडे एकच रात्र राहून आले तर?

पुन्हा पहिल्याच ठिकाणी परतायचे असेल, तर हा मार्ग चांगला आहे. शहाद्यात किंवा नंदुरबारला खोली घेऊन तेथून एका रात्रीसाठी तोरणमाळला जाणारी कुटुंबे माझ्या ओळखीची आहेत. त्यासाठी पहिली खोली त्या रात्रीपुरती सोडून सामान स्वागत कक्षात ठेवता येते का, हे आधी विचारावे. अनेक ठिकाणी परत येणाऱ्या पाहुण्याचे सामान आनंदाने ठेवून घेतात. तशी सोय नसेल आणि कुटुंब मोठे असेल, तर अनेक खोल्यांपैकी एकच खोली चालू ठेवून सर्वांच्या मोठ्या बॅगा तिच्यात बंद कराव्यात आणि बाकीच्या खोल्या सोडाव्यात. एका खोलीचे एका रात्रीचे भाडे जाते, पण वर जाताना प्रत्येकाच्या हातात एक शाल, एक जोड कपडा आणि दात घासण्याचा ब्रश एवढेच असते, आणि जाऊबाईंच्या खांद्यावर मधली पिशवी.